मान हलवू नका

२ सप्टेंबर, सोमवार

लेकीने ही वही पाठवली आणि वर फोन करून हुकूम सोडला. "बाबा, तेरा ऑक्टोबरला आई सत्तर वर्षांची झाली असती. आम्ही सगळे जमतोय. तुम्ही तिच्याविषयी दहा मिनिटं बोलायचं. रोज आठवेल तसं लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी त-त-प-प व्हायला नको."

मी म्हटलं, "अगं, पन्नास वर्षं गिऱ्हाइकांशी बोलतोय मी. मला बोलायला काय शिकवतेस?"

"गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असतो बाबा, तो ऐकणारच. इथे लोक उठून जाऊ शकतात."

तोंडाळ आहे, माझ्यावर गेली आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि त्याआधी ते केस कापा. ओळखू येत नाही तुम्ही."

केसांचं असं आहे. घराखाली आमचं सलून. आता चिरंजीव चालवतात, मी सकाळी तीन तास उतरतो आणि माझी जुनी गिऱ्हाइकं करतो. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या मास्तरांचा नियम होता की कारागिराने दुकानातल्या खुर्चीत कधी बसायचं नाही. बसला की गिऱ्हाईक होतो आणि हात बिघडतो. त्यामुळे माझे केस लग्नाआधी आई कापायची आणि लग्नानंतर ही. दर महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद. स्वयंपाकघराची खिडकी, लाकडी स्टूल, गळ्याभोवती जुनी चादर. सत्तेचाळीस वर्षांत साडेपाचशेच्या वर वेळा तिने माझे केस कापले. तिने आयुष्यात कापलेलं एकच डोकं ते.

शेवटचे कापले ते फेब्रुवारीत. मार्चच्या पहिल्या सोमवारी ती नव्हती. आता केस कॉलरच्या खाली गेलेत.

आज पहिला सोमवार होता. स्टूल खिडकीशी नेलं, त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि निवडत बसलो.

३ सप्टेंबर

भाषण सुरू केलं. "ती एक प्रेमळ पत्नी, वत्सल माता आणि लाडकी आजी होती." पोस्टमनला वाचून दाखवलं. हा माझा मित्र, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे पोस्टमनच म्हणतात. तो म्हणाला, "असली पत्रं मी खूप वाटली. नाव बदललं तरी चालतं."

खोडलं.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला खरा मुद्दा सापडला. आमच्या घरात सगळे मोठे निर्णय माझे असत. हे आधी सांगायला हवं, म्हणजे तिचा समजूतदारपणा लोकांना कळेल.

दिवसभर मी बोलायचो आणि ती ऐकायची. दुकानात तोंड चालू, घरी आलो तरी चालू. फक्त त्या सोमवारच्या अर्ध्या तासात ती बोलायची. उदाहरणार्थ, लेक बारावी झाली तेव्हा. कानाशी कात्री किचकिच करतेय आणि ही म्हणते, "पोरीला पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी पाठवायचं म्हणतेय मी. हॉस्टेल बघून ठेवलंय. मान हलवू नका." मी मान हलवली नाही. कापणाऱ्याच्या हाताखाली मान हलवू नये, हे मी स्वतः रोज शंभरदा सांगतो. दुसऱ्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना सांगितलं की खूप विचार करून मी लेकीला बाहेरगावी पाठवायचं ठरवलं आहे.

चिरंजीवांनी डोळ्यांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट पसंत केली तेव्हाही तसंच. माझ्या मनात दुसरं स्थळ होतं. "मुलगी चांगली आहे. बुधवारी जेवायला बोलावलंय. मान हलवू नका." आज सूनबाई नसती तर या घरात कोणाला मोजा सापडला नसता, तेव्हा माझा निर्णय योग्यच होता.

सिगारेट मात्र मी निव्वळ स्वतःच्या निर्धाराने सोडली. त्या सोमवारी ती उजव्या कानाजवळ बराच वेळ कात्री नुसतीच हवेत चालवत होती, एवढं आठवतं.

११ सप्टेंबर

हल्ली झाडू फार आखूड येतात. नवा आणला तो पंधरा दिवसांत वीतभर कमी झाला, आणि टोकं कशी, पट्टीने आखल्यासारखी सरळ. भिंत रंगवायचा ब्रशही तसाच. सूनबाईला दाखवलं तर ती खाली बघून हसली. मालाचा दर्जाच राहिलेला नाही, यात हसण्यासारखं काय आहे?

१५ सप्टेंबर, रविवार

दुकानातून उशिरा वर आलो, पण हे आजच लिहायला हवं. पोस्टमनने आठवण काढली.

लेक चार वर्षांची असताना माझं मनगट दुखावलं. कात्री धरता येईना. मदतीला ठेवलेला कारागीर केस कापायचा, पण दाढ्यांना पुरा पडायचा नाही. तिसऱ्या दिवशी ही पदर खोचून खाली आली आणि ब्रश हातात घेतला. "मी फेस लावते, तुम्ही वस्तरा धरा. डाव्या हाताने जमेल तेवढं करा." पहिले दोन दिवस गिऱ्हाइकं लाजेने कानापर्यंत लाल. एक हेडमास्तर तर डोळे मिटून बसले ते फेस वाळेपर्यंत उघडले नाहीत. पण हिचा हात असा, की ब्रश गालावर गोल गोल फिरायचा आणि माणूस खुर्चीत घोरायला लागायचा. दोन महिने ती खाली होती. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं तिला तोंडपाठ. आरशापुढच्या बाटल्यासुद्धा तिने उंचीप्रमाणे लावल्या. त्या आजही तशाच आहेत.

मनगट बरं झालं. त्या आठवड्यात तीन जणांनी दारातूनच विचारलं, "आज वहिनी नाहीत का?" त्यातला एक हा पोस्टमन. मला राग आला, आज कबूल करायला हरकत नाही. मी हिला म्हटलं, "आता तू कशाला त्रास घेतेस? पाय सुजतात उभं राहून. वर आराम कर." ती बरं म्हणाली आणि वर गेली. मग पुढची चाळीस वर्षं दुकानाचे टॉवेल वरच धुतले. रोज चाळीस टॉवेल, घडी अशी की कडेला कड.

मी तिची किती काळजी घेत असे, हे यातून दिसेल. भाषणात घ्यायचं.

त्या महिन्यात केस कापताना मात्र ती एक शब्दही बोलली नाही. दमली असेल.

१९ सप्टेंबर

आता एक गुपित. हे भाषणात नाही, फक्त इथे.

ही केस वाकडे कापायची.

सगळीकडे हात छान, पण डाव्या कानामागे, मानेच्या जरा वर, बोटभर केस लांब राहायचे. मी दोन आरसे धरून बघितलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी. माझ्या धंद्यातला माणूस आरसा धरल्याशिवाय राहील का? तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. नवी नवरी, एवढ्या हौसेने कात्री धरली होती. पुढच्या महिन्यात सुधारेल म्हटलं. सुधारली नाही. मग वाटलं स्टूलच कललेलं आहे, म्हणून तिच्या नकळत एका पायाखाली वॉशर ठोकला. त्या महिन्यात मी डगमगत होतो, पण केस वाकडे ते वाकडेच. दुकानात कोणी मागून बघत राहिलं की मी चटकन वळून उभा राहायचो. सत्तेचाळीस वर्षं मी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. या गोष्टीचा मला मनातून फार अभिमान आहे.

गंमत म्हणजे आईचा हातही तिथेच, त्याच जागी चुकायचा. आमच्या घरातल्या बायकांची नजरच डावीकडे कमी असावी.

आईवरून आठवलं. लहानपणी म्हणे मी दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नव्हतो. का, ते मला आठवत नाही. आईला विचारलं की ती "काही नाही रे, वेड होतं एक" म्हणून विषय बदलायची.

२४ सप्टेंबर

आज दुकानात शोभा झाली. एक नवं गिऱ्हाईक दारात आलं, मला बघितलं, आणि "कारागीर नाहीत वाटतं" म्हणून निघून गेलं. पोस्टमन हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. चिरंजीवांचा मात्र संयम सुटला. "बाबा, बसा इथे. मास्तरांचा नियम मास्तरांबरोबर गेला. दहा मिनिटांचं काम आहे." त्याने खरोखर मशीन हातात घेतलं.

मी ओरडलो. "हात लावायचा नाही!"

आणि वर निघून आलो.

खोटं कशाला लिहू? प्रश्न मास्तरांच्या नियमाचा नाही. माझ्या केसांची टोकं तिने कापलेली आहेत. वाढले ते मुळाशी वाढले, टोकाला अजून तिच्याच कात्रीची खूण आहे. तिची साडी आहे, चष्मा आहे, पण त्या माणसाने वापरून ठेवलेल्या वस्तू. तिचं चालू काम म्हणाल तर माझ्या डोक्यावर आहे तेवढंच उरलंय. तेरा तारखेसाठी ते झाडून केराच्या डब्यात टाकू?

पण असं झिपऱ्या घेऊन तिच्या वाढदिवसाला उभं राहणंही बरं नाही. ती असती तर दारातूनच परत पाठवलं असतं.

३० सप्टेंबर, सोमवार

नात आज जिन्यात शेजारी येऊन बसली. चिरंजीवांची मुलगी, अठरा वर्षांची, अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून टाचणी. तान्ही असताना ही पोर फक्त कात्रीच्या आवाजावर झोपायची. आजी मांडीवर घेऊन हवेत कात्री किचकिच करायची आणि टाचणी डोळे मिटायची. आजीच्या मागे मागे फिरली ती शेवटपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत आजीचा हात थरथरायला लागला होता. त्या दोन्ही वेळी टाचणी स्टूलामागे तिच्याजवळ उभी होती, कंगवा द्यायला.

"आजोबा, तुला राग येणार नसेल तर एक बोलू?"

"येणार. बोल."

"मला कॉलेज नको. मला दुकानात उभं राहायचंय. बाबा नाही म्हणाले. तू सांगितलंस तर ऐकतील."

मी तिला प्रेमाने समजावलं. दिवसभर उभं राहावं लागतं, पाय सुजतात, लोक काय काय बोलतात. शिकून ऑफिसात बस, पंख्याखाली.

ती म्हणाली, "आजीलाही असंच सांगितलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो, आणि तिने ऐकलं."

टाचणी माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता उठून गेली. एवढी समजूतदार असेल असं वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

भाषण चार पानं झालं. वाचून बघितलं. त्यात सगळीकडे मीच आहे. तिच्याबद्दल म्हणून जे आहे ते टॉवेलांचं.

टाचणी बोलत नाही. पोस्टमन म्हणतो, "भाषण जाऊ दे, निदान माणसात ये."

७ ऑक्टोबर, सोमवार

सगळं नीट लिहितो.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर स्टूल खिडकीशी होतं, चादर त्यावर, आणि टाचणी आजीची कात्री घेऊन उभी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बसा."

एरवी मला अरे-तुरे करणारी पोर. मी बसलो. कसा बसलो ते मलाच कळलं नाही. बसल्यावर मात्र म्हटलं, "टाचणे, टोकं तिची आहेत गं. ती गेली की संपलं."

कात्री थांबली. मग ती मागूनच म्हणाली, "आजोबा, टोकं माझी आहेत."

"काय?"

"जानेवारीत आणि फेब्रुवारीत मीच कापले. आजीचा हात थरथरत होता. तिने मला पुढे उभं केलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. बोलत ती होती, कापत मी होते. म्हणाली, यांना सांगू नकोस, उगीच घाबरतील."

मी वळायला गेलो. "मान हलवू नका," टाचणी म्हणाली. तोच सूर. मी तसाच खिडकीकडे बघत बसलो. आठ महिने मी जपत होतो ते या पोरीचं काम! आधी रडू आलं, खोटं नाही सांगत. चादरीने डोळे पुसले. मग हसू यायला लागलं ते थांबेना, आणि हसतानाही मान हलवायची नाही म्हणजे काय हाल होतात ते ज्याचे त्यालाच माहीत. गेल्यावरसुद्धा या बाईने मला मामा बनवलं. पण हात हातावर होता म्हणाली. मग ते दोघींचं काम झालं.

"काप," मी म्हटलं.

काय कापलं पोरीने! कंगवा उचलून कात्री मागे, कुठे घाई नाही. मी पन्नास वर्षं या धंद्यात आहे, आवाजावरून हात ओळखतो. "शिकलीस कुठे?" विचारलं तर म्हणे झाडूवर. आधी आजीपाशी बसून, मग एकटीने. मला वाटलेलं कारखानदार चोर आहेत.

काम झालं. मी सवयीने दोन आरसे धरले. डाव्या कानामागे, मानेच्या जरा वर, बोटभर केस लांब.

आता मात्र राहवलं नाही. "अगं, एवढा सुंदर हात आणि नेमकी इथे कशी चुकलीस? तुझी आजी चुकायची, पणजी चुकायची, आता तूही?"

टाचणीने कंगव्याने तो लांब झुपका वर उचलला आणि म्हणाली, "बघा."

आरशात एक डाग दिसला. जांभळट, कोटाच्या बटणाएवढा. माझ्या मानेवर, माझ्या जन्मापासूनचा, आणि मी तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा बघत होतो.

मग टाचणीने सगळं सांगितलं. मी पाच वर्षांचा असताना गल्लीतल्या पोरांनी डाग्या डाग्या म्हणून चिडवलं, म्हणून मी दोन दिवस पलंगाखाली होतो. आईने तिथले केस वाढवले, मी विसरून गेलो, आणि तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. माझं लग्न झाल्यावर आईने कात्री देताना सुनेला, म्हणजे हिला, सांगितलं. हिने नातीला सांगितलं. "आजी म्हणायची, यांचा सगळा रुबाब आरशापुढे असतो. मागचं आपण सांभाळायचं."

म्हणजे मी सत्तेचाळीस वर्षं तिचा वाकडा हात पोटात घातला म्हणून फुशारत होतो, आणि तो हात माझ्यासाठीच वाकडा व्हायचा. तिने मला दोन आरसे धरताना बघितलंच असेल. माझं कपाळ आठ्यांनी भरलेलंही बघितलं असेल. वाईट कापते असं मला वाटू दिलं, पण सांगितलं नाही. आणि वॉशर? तोही तिला ठाऊक होता. टाचणीनेच सांगितलं. आजीने तो महिनाभरातच काढून टाकला होता, मी पडेन म्हणून.

मी बसूनच राहिलो. मग मला ते दोन महिने आठवले, ब्रश हातात घेतलेली ती, उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्या, आणि त्यानंतरचा तो गप्प सोमवार. ती दमलेली नव्हती. तिला खाली राहायचं होतं. मी तिला पायांचं कारण देऊन वर पाठवलं, आणि चाळीस वर्षं ती वरून टॉवेल पाठवत राहिली. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

टाचणीने चादर सोडली नव्हती. कात्री पुन्हा माझ्या कानाशी आली, कापायला काही उरलं नव्हतं तरी. किचकिच, किचकिच, हवेत.

"उद्यापासून मी दुकानात येणार आहे," ती म्हणाली. "मान हलवू नका."

मी मान हलवली नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी दुकानात सगळ्यांसमोर जाहीर केलं, की खूप विचार करून मी टाचणीला धंद्यात घ्यायचं ठरवलं आहे. चिरंजीवांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "निर्णय झालाय." पोस्टमन लगेच तिच्या खुर्चीत जाऊन बसला. फेस लावेपर्यंत घोरत होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुकान रविवारी अर्धा दिवस बंद ठेवायची ही पहिलीच वेळ.

हॉल भरला होता. टॉवेल वाळत घालताना जिच्याशी ती गच्चीवरून बोलायची ती शेजारीण आली, हेडमास्तर काठी टेकत आले. फेसाची गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली, डोळे मिटून दाखवले. लेकीने केस बघितले आणि माझा गाल ओढला.

मी उभा राहिलो. चार पानं खिशात होती, ती तिथेच राहू दिली. म्हटलं, "माझी बायको केस वाकडे कापायची, असं मला सत्तेचाळीस वर्षं वाटत होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी बोललो नाही. आज कारण सांगतो." आणि लोकांकडे पाठ केली, डाव्या कानामागचे केस वर उचलले, आणि तसाच उभा राहिलो. आयुष्यभर ज्या बाजूने मला कोणी बघू नये म्हणून मी वळून उभा राहायचो, ती बाजू.

पाठमोराच बोललो. "हे तिने झाकलं. मला वाटत होतं मीच तिला सांभाळून घेतोय. तिलाही तेच वाटत असणार, फक्त तिचं बरोबर होतं. तिला दुकानात उभं राहायचं होतं, मी राहू दिलं नाही. ते मात्र झाकू नका."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, वळा आता, फोटो काढायचाय," आणि सगळे हसले. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, मी वळल्यावर दिसलं.

दहा मिनिटं सांगितली होती, दोनच झाली. कोणी उठून गेलं नाही.

फोटोत टाचणी माझ्या डाव्या बाजूला उभी आहे. फोटो काढायच्या आधी तिने बोटाने माझे तिथले केस खाली बसवले, सवयीने. मी बसवू दिले. नोव्हेंबरचा पहिला सोमवार चार तारखेला येतो. माझ्याविषयी आणखी काय काय ठरलं आहे, ते तेव्हा कळेल.